वाघ दिसला म्हणतात, तो कोणता?

दिवेलागणीची वेळ असते. एक माणूस धापा टाकीत पारावर येतो. "वाघ! ओढ्याच्या काठाला वाघ बघितला!" झाले! घटकाभरात बातमी साऱ्या गावात फिरते. बाया पोरांना घरात ओढतात. कोणी पत्र्याचे डबे वाजवतो, कोणी कुऱ्हाड शोधतो. रात्री पिकाला पाणी द्यायला जायचे असते, ते राहून जाते.

सकाळी पारावर दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "म्हातारबा खोटं कशाला बोलंल? डोळ्यानं बघितलंय त्यानं." दुसरा पक्ष हसतो. "आरं, कुत्रं असंल. सांजच्याला त्याला आपली म्हस वळखू येत नाही, वाघ कुठला वळखतोय!"

हा वाद तुम्ही ऐकला असेल. त्यात भांडलाही असाल. आम्ही शाळेच्या नोकरीत पुष्कळ गावे पाहिली. रानाच्या कडेला असून हा वाद होत नाही, असे गाव काही आम्हांला भेटले नाही. वाद दोन-चार दिवस चालतो. मग बाजाराचा दिवस येतो आणि लोक विसरून जातात. पण जनावर कोणते होते, ते कोणी पाहून घेत नाही.

ते पाहून घेतले पाहिजे. जनावर नसताना 'आहे' म्हटले, तर शेते ओसाड पडतात, पोरांची शाळा बुडते, आणि भलतेच गरीब जनावर काठ्यांखाली मरते. जनावर असताना 'नाही' म्हटले, तर एखाद्या घरचे मूल जाते. दोन्हीकडे नुकसानच.

एक नाव, पुष्कळ जनावरे

पहिली अडचण नावाची आहे. आपण खेड्यातली माणसे 'वाघ' हे नाव फार सैल हाताने वापरतो. पट्टेरी वाघ तोही वाघ, आणि बिबट्या तोही वाघ. घाटमाथ्यावर बिबट्याला वाघरू म्हणतात. कोणी त्याला चित्ता म्हणतो. मग एकाने 'वाघ' म्हटले आणि दुसऱ्याने 'वाघ' ऐकले, तरी दोघांच्या मनात दोन वेगळी जनावरे असतात. भांडण तिथूनच सुरू होते.

पट्टेरी वाघ म्हणजे ढाण्या वाघ. अंग तांबूस पिवळे, त्यावर काळे उभे पट्टे. पुरा वाढलेला नर 200 किलोच्या आसपास भरतो. बिबट्या याहून पुष्कळ लहान. नर 50 ते 70 किलोचा, म्हणजे धान्याच्या एका भरल्या पोत्याएवढा. मादी त्याहून हलकी. बिबट्याच्या अंगावर पट्टे नसतात, काळ्या ठिपक्यांची फुले असतात. क्वचित एखादा बिबट्या सगळा काळा जन्मतो. त्याला लोक 'काळा वाघ' म्हणतात. पण ती वेगळी जात नव्हे. उन्हात नीट पाहिले, तर त्या काळ्या अंगावरही फुले दिसतात.

चित्त्याचे मात्र निराळे. आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे सरकारने 1952 साली जाहीर केले. पुढे 2022 साली आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनो रानात सोडले. आपल्या उसात 'चित्ता' दिसला असे कोणी म्हणाले, तर तो बिबट्याच समजावा.

आता ज्यांना उगीचच वाघ म्हटले जाते, ती जनावरे पाहू. त्यांत पहिला मान तरसाचा. तरसाच्या अंगावर काळे पट्टे असतात. म्हणून अंधारात तो दिसला, की माणूस पट्टेरी वाघ म्हणून ओरडतो. पण तरसाची ठेवण पाहा. पुढचा भाग उंच, मागचा उतरता. मानेपासून पाठीवर आयाळीसारखे केस. शेपूट झुबकेदार. चाल अशी, की मागून कोणी ओढतो आहे. तरस बहुतकरून मेलेले जनावर खातो, हाडेसुद्धा फोडतो. त्यामुळे त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते. बिचाऱ्याने कोणाचे फारसे वाकडे केलेले नसते, आणि तरी काठ्या तोच खातो.

दुसरे रानमांजर. काही भागांत याला बाऊल म्हणतात. पाय लांब, रंग मातकट, शेपूट आखूड. घरच्या मांजराहून उंच, पण वजन फार तर 5 ते 8 किलो. तिसरी वाघाटी. हिच्या अंगावर ठिपके असतात, आणि सगळा घोटाळा त्या ठिपक्यांनीच होतो. वाघाटीचा एक प्रकार तर घरच्या मांजराहूनही लहान असतो. मोठी झाली तरी तिचे वजन दीड किलोच्या आसपास. हिची पिले उसाच्या फडात सापडतात आणि लोक 'बिबट्याची पिले' म्हणून धावत सुटतात.

डोळा फसतो, माणूस खोटा नसतो

पारावरचे हसणारे लोक म्हणतात, "त्यो थापा मारतोय." आम्हांला हे पटत नाही. पाहणारा बहुधा खरेच सांगत असतो. त्याने काहीतरी पाहिलेलेच असते. पण डोळा फसतो, आणि तो कसा फसतो ते समजून घ्यावे.

एखादी वस्तू केवढी आहे, हे आपण तिच्या शेजारच्या वस्तूवरून ठरवतो. बैल झाडाखाली उभा असला, की त्याचा आकार लगेच ध्यानात येतो. पण तिन्हीसांजेला उघड्या माळावर एकटे जनावर दिसले, शेजारी झाड नाही, माणूस नाही, तर ते जवळ आहे की दूर आहे हेच कळत नाही. 30 पावलांवरचे मांजर 100 पावलांवर आहे असे मनाने धरले, की ते मांजर तिप्पट मोठे वाटते. त्यात भीतीची भर! भ्यालेल्या माणसाचे दोन क्षण पुढे पाच मिनिटे होतात, आणि दोन हात लांबीचे जनावर सहा हात होते.

रात्री बॅटरी मारली की डोळे चमकतात. त्यावरूनही लोक वाघ ठरवतात. पण बिबट्याचे डोळे चमकतात, तसे कुत्र्याचे, मांजराचे, गाईचेही चमकतात. नुसत्या चमकीवरून काही ठरत नाही.

हा वाद आपल्याच मुलखात आहे असे मात्र समजू नका. साहेबाच्या देशातही तो चालतो. इंग्लंडच्या रानात वाघ नाही, बिबट्या नाही. असे असून तिथल्या कॉर्नवॉल भागात बॉडमिन नावाचा माळ आहे, त्या माळावर मोठे काळे जनावर फिरते, मेंढ्या मारते, अशी ओरड पुष्कळ वर्षे चालली. 1976 साली तिथे एक कायदा झाला. घरी हिंस्र जनावर पाळायचे तर परवाना हवा, असा तो कायदा. तेव्हा काही श्रीमंतांनी आपले बिबटे गुपचूप रानात सोडून दिले, असे लोक सांगत. शेवटी 1995 साली सरकारने चौकशी केली.

त्या चौकशीत एक सोपी युक्ती वापरली होती. तुम्हीही ती वापरू शकता. लोकांनी त्या जनावराची चित्रे टिपलेली होती. अधिकारी चित्र घेऊन त्याच जागी गेले. चित्रात जनावर जिथे होते, तिथे मापाची काठी उभी केली. मग काठीशी ताडून पाहिले, तर 'मोठे जनावर' घरच्या मांजराएवढे भरले! चौकशीचा निकाल असा लागला, की मोठे जनावर असल्याचा पक्का पुरावा नाही. तसे जनावर मुळीच नाही, असेही मात्र म्हणता येत नाही.

गंमत पुढेच आहे. हा निकाल बाहेर पडून थोडे दिवस झाले, तोच तिथल्या नदीत एका मुलाला कवटी सापडली. मोठे सुळे! लोक म्हणाले, "बघा, आम्ही सांगत होतो की नाही?" कवटी लंडनच्या संग्रहालयात तपासायला गेली. ती बिबट्याचीच निघाली. पण तिच्या आत उष्ण देशातल्या झुरळाची अंडी होती. तसली झुरळे त्या थंड नदीकाठी राहत नाहीत. कवटीवर सुरीच्या खुणाही होत्या. म्हणजे तो बिबट्या त्या माळावर कधी फिरलाच नव्हता. बाहेरदेशी कोणीतरी त्याला मारले होते, आणि जमिनीवर अंथरायच्या कातड्याबरोबर त्याचे डोके तिकडे आले होते. एका झुरळाच्या अंड्यांनी एवढ्या मोठ्या वादाचा निकाल लावला.

आपल्याकडे हल्ली मोबाइलवर चित्रे फिरतात. "आपल्याच ओढ्यातला वाघ, पुढे पाठवा," असे खाली लिहिलेले असते. चित्र भलत्याच जिल्ह्यातले असते. कधी ते यंत्राने बनवलेले, सपशेल खोटे असते. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा: हे चित्र काढले कोणी? तो माणूस पुढे येऊन जागा दाखवील का? जागा दाखवली, तर काठी घेऊन तिथे जावे. नाही दाखवली, तर चित्र पुढे पाठवू नये.

साक्ष कशी घ्यावी

शाळेत पोरांचे भांडण झाले, की आम्ही दोघांना एकत्र विचारीत नसू. एकाला पडवीत बसवायचे, एकाला वर्गात. मग एकेकाला विचारायचे. एकत्र विचारले, की धीट पोर बोलते आणि भित्रे पोर मान डोलावते.

जनावर पाहणाऱ्यांचेही असेच आहे. एका गावी तिघांनी मिळून 'वाघ' पाहिला होता. तिघे एकत्र बसले, की वाघ दिवसेंदिवस मोठा होत चालला. आम्ही तिघांना निरनिराळे गाठले. 'किती मोठा होता?' असे विचारलेच नाही. पाठ सरळ होती की उतरती? शेपूट कशी होती? चालत गेला की उडी मारून गेला? एवढेच विचारले. तिघांनीही शेपूट झुबकेदार सांगितली आणि पाठ उतरती सांगितली. तुम्ही ओळखलेच असेल, ते तरस होते. तिघांतला एकही खोटे बोलला नव्हता.

शेपटीची खूण ध्यानात ठेवा. बिबट्याची शेपूट लांब असते, जवळजवळ अंगाएवढी, आणि चालताना टोक वर वळलेले असते. रानमांजराची आखूड, तरसाची झुबकेदार. जनावराचा आकार डोळा चुकीचा सांगतो, पण शेपूट सहसा चुकीची सांगत नाही.

जमिनीची साक्ष

माणसाच्या साक्षीहून जमिनीची साक्ष मोठी. जनावर जाते, पाऊल राहते.

दिवसाउजेडी, चार-पाच जणांनी मिळून त्या जागी जावे. सगळ्या गावाने जाऊ नये. शंभर माणसे गेली, की शंभरांचे पाय ठशांवर पडतात आणि पुरावा मोडतो. ओढ्याची वाळू, पाटाचा ओला काठ, गाडीवाटेचा फुफाटा, इथे ठसे चांगले उठतात.

आधी नखे पाहा. कुत्रा, लांडगा, कोल्हा, तरस यांच्या ठशात बोटांपुढे नखांची टोके उमटतात. वाघ, बिबट्या, मांजर यांच्या ठशात ती उमटत नाहीत. कारण मांजराची जात चालताना नखे आत ओढून घेते. घरच्या मांजरीचा पंजा दाबून पाहा, म्हणजे नखे कुठे लपतात ते समजेल. निसरड्या चिखलात किंवा चढावर मात्र बिबट्याही कधी नखे बाहेर काढतो. म्हणून एकच ठसा पाहून निकाल देऊ नये. ओळीने चार-पाच पाहावे.

मग रुंदी मोजा. रानमांजराचा ठसा दोन-अडीच बोटांचा. मोठ्या बिबट्याचा साधारण चार बोटे रुंद, म्हणजे 7 ते 9 सेंटिमीटर. पट्टेरी वाघाचा 12 ते 15 सेंटिमीटर, म्हणजे अंगठा धरून आपला तळहात जेवढा रुंद, त्याहूनही मोठा. वाघाच्या बच्च्याचा ठसा बिबट्याएवढा असू शकतो, हे विसरू नये. शिवाय ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि खऱ्याहून मोठा दिसतो. म्हणून कडा ठळक असलेला ठसाच मोजावा.

शेळी किंवा वासरू मेलेले सापडले, तर ते पुष्कळ सांगते. बिबट्या गळा धरतो. तिथे सुळ्यांची खोल भोके दिसतात, आणि मग तो सावज ओढीत आडोशाला नेतो. ओढल्याची वाट गवतात स्पष्ट दिसते. भटकी कुत्री मिळून शेळी मारतात, तेव्हा मागचे पाय, पोट, कान, सगळीकडे लचके असतात. 'वाघाने नेली' म्हणून सांगितलेल्या शेळ्यांत अशा कुत्र्यांनी मारलेल्याही असतात. पण ती कुत्री गावातलीच, म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नाही!

सावज जागेवरून हलवू नये. त्याच्यावर औषध टाकून जनावर मारण्याचा विचार तर मुळीच करू नये. वाघ आणि बिबट्या दोघांनाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मारणारा तुरुंगात जातो. त्या विषाने गावची कुत्री, घारी, गिधाडे मरतात ती निराळीच.

'नाही' म्हणणाऱ्यांसाठी

आतापर्यंतचे वाचून हसणारा पक्ष खूश झाला असेल. "बघा, समदी मांजरं आन् तरसंच!" पण थांबा. आता त्यांची पाळी.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुका आहे. तिथे डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी शेतांच्या वाटांवर आपोआप चित्र टिपणारे कॅमेरे बांधले. तो भाग घनदाट अरण्य नव्हे. ऊस, मका, भाजीपाला, आणि दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे. 2013 साली त्यांनी निष्कर्ष छापला. दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 मोठे बिबटे आणि तितकीच तरसे! म्हणजे बिबट्या म्हणणाराही खरा, आणि तरस म्हणणाराही खरा. दोघेही एकाच बांधावरून जातात. तिथले बिबटे खातात काय, तेही पाहिले गेले. हरणे नव्हेत. त्यांचे बहुतेक अन्न गावातलीच जनावरे, आणि त्यांत सर्वांत जास्त कुत्री.

बिबट्याला लपणे कसे साधते, याची एक खरी गोष्ट सांगतो. 2009 साली टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढले. वयाने थोराड दिसला म्हणून त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. आजोबा तिथे राहिला नाही. महिनाभरात सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या कडेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचला. वाटेत शेते, वस्त्या, मोठे रस्ते, रेल्वेचे रूळ. इतक्या माणसांतून गेला, पण त्याने कोणालाही इजा केली नाही. पट्टा नसता, तर तो आला कुठून आणि गेला कुठे, हे कोणालाच कळले नसते. 2011 साली घोडबंदर रस्त्यावर गाडीखाली तो मेला. त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला.

"ठीक आहे, बिबट्या असंल. पण पट्टेरी वाघ आपल्याकडं कुठला?" असेही कोणी म्हणेल. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांच्या रानात 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. लोक विचारीत, "वाघच नाही, मग प्रकल्प कसला?" ठसे मिळत, विष्ठा मिळे, पण चित्र मिळेना. शेवटी मे 2018 मध्ये कॅमेऱ्यात वाघ आला. आठ वर्षे वाट पाहावी लागली. धाराशिव जिल्ह्यात येडशी रामलिंग अभयारण्य आहे. त्या बाजूला वाघ आहे असे कोणी सांगते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. पण डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ उमटला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो ओळखला, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा ज्याचा त्याचा, तसे वाघाचे पट्टे. शेकडो किलोमीटर चालून तो आला होता.

आणि पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचे ऐका. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेडच्या भागात बिबट्याने तीन आठवड्यांत तीन जीव घेतले. एक साडेपाच वर्षांची मुलगी, एक म्हातारी बाई, आणि एक 13 वर्षांचा मुलगा. अशा गावी 'कुत्रं असंल' म्हणून हसण्याची कोणाची छाती आहे?

बिबट्या पूर्वी नव्हता आणि आता आला, असेही नव्हे. जुन्नर-अकोल्याकडचे महादेव कोळी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. डोंगराच्या वाटेवर वाघोबाचा दगड असतो, त्याला शेंदूर लावतात. ज्या मुलखात वाघोबा देव आहे, तिथे वाघाची वाट जुनीच आहे. मधल्या काळात धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला. उसात बारा महिने सावली, जवळ पाणी, आणि बांधावर कुत्री. कित्येक बिबटे आता उसातच जन्मतात. त्यांना डोंगर ठाऊकही नसतो.

पिंजरा लावा, पिंजरा लावा

'वाघ दिसला' की पुढची ओरड पिंजऱ्याची. माणसावर हल्ला झाला, तर पिंजरा लावावाच लागतो. पण नुसता दिसला म्हणून धरून दूर नेऊन सोडला, तर काय होते? जुन्नर भागात हे करून पाहिलेले आहे. तिथे 1993 ते 2001 या काळात बिबट्याने माणसावर हल्ला करण्याचे प्रकार वर्षाला सरासरी 4 होते. 2001 पासून बिबटे धरून दुसऱ्या रानात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. त्यानंतर 2003 पर्यंत हे प्रकार वर्षाला सरासरी 17 झाले. अभ्यास करणाऱ्यांनी याचा संबंध त्या सोडण्याशी लावला. बिबट्याला आपली हद्द ठाऊक असते. कोणत्या घराला कुत्रा आहे, माणसे केव्हा झोपतात, हे तो शिकलेला असतो. पिंजऱ्यात तो माणसांच्या गलक्यात घाबरतो, दात मोडून घेतो. मग त्याला परक्या मुलखात सोडतात. इकडे त्याची जागा रिकामी झाली, की दुसरा येतो.

म्हणून आमचे मत असे, की आधी जनावर ठरवावे, मग पिंजरा मागावा. तरस पाहून पिंजरा लावला आणि त्यात आजवर कोणाला न दुखवलेला बिबट्या अडकला, तर गावाने आपल्या हाताने संकट ओढवून घेतले.

जनावर ठरेपर्यंत

ठरायला चार दिवस लागतात. तोवर जनावर आहे असे धरूनच वागावे. यात भित्रेपणा नाही. बिबट्या लहान आणि वाकलेल्या देहावर धावतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटे अंगणाबाहेर पाठवू नये. परसाकडे एकट्याने जाऊ नये. पाणी द्यायला दोघांनी जावे, बॅटरी असावी, तोंडाने मोठ्याने बोलत किंवा गाणे म्हणत जावे. मोबाइलवर गाणी लावली तरी चालेल. शेळ्या दाव्याला उघड्यावर बांधू नयेत. वरून आणि बाजूने बंद खोपटात कोंडाव्या. गावाबाहेर कोंबड्यांची आणि खाटकाची घाण टाकण्याचे बंद करावे. घाणीवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

बिबट्या समोर आलाच, तर पळू नये, खाली बसू नये. पोर जवळ असेल तर उचलून घ्यावे. हात वर करून मोठ्याने ओरडत मागे सरकावे. आणि तो उसात शिरला, तर त्याला घेरून दगड मारू नयेत. असे घेरल्यावर माणसे जखमी होतात, कारण त्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही.

ठसा सापडला, तर त्यावर घमेले पालथे घालावे, शेजारी काडी रोवावी आणि वनरक्षकाला बोलवावे. वनखात्याचा फोन 1926 असा चारच आकडी आहे. ठशाचे चित्र घ्यायचे असेल, तर शेजारी काडेपेटी ठेवून घ्यावे, म्हणजे माप कळते. शेळी, गाय गेली असेल तर त्याच दिवशी कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत सावज तसेच ठेवावे. पंचनाम्यात जनावराचे नाव लिहिले जाते. सरकारी भरपाई त्यावरच मिळते. सावज पुरून टाकले आणि मग अर्ज केला, तर साहेब विचारतो, "कशावरून बिबट्या?" तेव्हा सांगायला जवळ काही नसते.

राहता राहिली पिले. उसाची तोड चालू असताना फडात पिले सापडतात. ती वाघाटीची असोत की बिबट्याची, त्यांना हात लावू नये, घरी नेऊ नये, त्यांच्याबरोबर चित्रे काढीत बसू नये. तेवढ्या भागातली तोड थांबवावी आणि वनखात्याला कळवावे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तिथली माणसेही या कामाला येतात. पिले तपासून, संध्याकाळी सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि सगळे दूर जातात. रात्री मादी येते. आधी भोवती फिरून अंदाज घेते, मग एकेक पिलू मानेला धरून उचलून नेते. सकाळी खोके रिकामे दिसले, की उरलेला फड तोडायला हरकत नाही.